गवंडी डॉक्टर

बांद्याच्या बाजारात एखादी बाई मंगळसूत्र पाठीवर टाकून चाललेली दिसली, की ती दाताच्या डॉक्टरकडून आली हे कुणाला सांगावं लागत नसे. भाजीवाल्या हसून ओरडायच्या, "गो बाय, फुडे घे ता!" आणि ती बाई एका हाताने गाल धरून दुसऱ्या हाताने पोत पुढे ओढून घ्यायची. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मीसुद्धा कैकदा तशीच चालत गेले आहे.

डॉक्टर आमच्याच मुलखातले. मुंबईत शिकले, आणि तिथे राहून मोटार उडवायची सोडून बांद्याच्या तिठ्यावर एका माडीवर दवाखाना थाटून बसले. खाली सुक्या मासळीचं दुकान, वर लवंगेचं तेल. जिना चढताना अर्ध्यावर एक वास संपून दुसरा सुरू व्हायचा. वर गेलं की दाराशी स्टुलावर एक करवंटी ठेवलेली असे, घासून घासून काळी कुळकुळीत केलेली. बांगड्या, अंगठ्या, कुड्या, जे काही सोनं अंगावर असेल ते त्या करवंटीत काढून ठेवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. नवखा माणूस घाबरून जायचा. डॉक्टर लुटतात की काय, अशीही एक आवई मध्यंतरी उठली होती. कारण साधं होतं. दाढेत भरायची चांदी पाऱ्यात घोटावी लागते, आणि पारा सोन्याला लागला की सोनं पांढरंफटक पडतं. "पारो आणि सोना एकमेकांक गावली काय सुटणत नाय," असं ते सांगायचे. आता मंगळसूत्र काही कुठली बाई काढून ठेवणार नाही. मग त्यावर त्यांनी तोड काढली, मंगळसूत्र पाठीवर.

त्या काळी आमच्याकडे दातावर एकच इलाज माहीत होता, तो म्हणजे काढून टाकणे. लोक गालाला टॉवेल बांधून यायचे आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणायचे, "डाक्टरांनू, काढून टाका."

"काढूचो नाय," डॉक्टर म्हणायचे. "घराक गळती लागली तर कौला परततंस, काय घर पाडतंस?"

"कौला परततंय."

"मगे तोंड उघड."

काढण्याजोगा दात ते काढायचेही, नाही असं नाही. पण घरातलं माणूस गेल्यासारखं तोंड करून. एरवी भरायचा, लिंपायचा, पुन्हा भरायचा. "काढलेलो दात परत येवचो नाय. आसा ता रवांदे," म्हणजे आहे ते राहू दे, हे त्यांचं ब्रीदवाक्य. लोकांनी त्यांचं नाव गवंडी डॉक्टर पाडलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा रागावणं सोडाच, उलट खूश झाले आणि गावातल्या एका खऱ्या गवंड्याची दाढ फुकट भरून दिली.

त्यांचं दात कोरायचं यंत्र पायावर चालायचं, शिवणाच्या मशीनसारखं. वीज होती, पण तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पाय मारता मारता भजन म्हणायचे. विलंबितात सुरू झालं की पेशंट निवांत असे. पण भजन गजराच्या अंगाने चढायला लागलं की खुर्चीतला माणूस दोन्ही हातांनी खुर्ची धरायचा, कारण जशी लय तसा पाय आणि जसा पाय तशी सुई. एका म्हाताऱ्याने हात जोडून विनवलं होतं म्हणे, "डाक्टरांनू, देवाचा नाव नको घेव."

आणखी एक तऱ्हा. दाढेत भरायची चांदी पेशंटकडूनच घोटून घ्यायचे. काचेच्या खलात चांदीची पूड आणि पारा घालून खल हातात द्यायचे, "घोटा. आपल्या दाताची चांदी आपण घोटूची." माणूस घोटण्यात गुंतला की भ्यायचं विसरतो, हे त्यामागचं गणित असावं. मग तो गोळा फडक्यात घालून पिळायचे, जास्तीचा पारा थेंब थेंब वाटीत पडायचा आणि मऊ चांदी दाढेत ठासताना बारीक कुरकुरायची. "आयक, चांदी गाता," ते म्हणायचे. आता ऐकते की पारा वाईट असतो. असेल. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या दातांना मात्र पांढरं सिमेंट लागायचं. त्याचा रंग जुळवायला नमुन्याच्या दातांची एक माळ होती. ती घेऊन पेशंटला खिडकीशी न्यायचे आणि ठरवायचे, हा ओल्या खोबऱ्याचा, हा फणसाच्या आठळीचा. मशेरी लावणाऱ्या बायकांपुढे मात्र हात टेकायचे. त्या रंगाचा दात म्हणे कुठली कंपनी काढत नव्हती. मासेमारी करणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. जाळं शिवताना दोरा दातांनी तोडून तोडून त्यांच्या पुढच्या दातांना खाच पडलेली असायची. डॉक्टर ती भरून द्यायचे आणि वर एक कात्री द्यायचे. वर्षभरात तोच माणूस तीच खाच घेऊन परत. एकदा त्यांनी खडसावून विचारलं, "कात्री खंय गेली?"

"दर्यात पडली," तो म्हणाला. "डाक्टरांनू, कात्री दर्यात पडता. दात खंय पडतत?"

ही गोष्ट मग डॉक्टर स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले.

बोलणं त्यांचं असं अस्सल मालवणी. पण काही बिघडलं, मनात भीती शिरली, की एकदम छापील मराठीवर जायचे. त्यामुळे डॉक्टर "आपण" म्हणाले की पेशंट दाराकडे बघायला लागायचा.

मी तेव्हा आरोंद्याच्या शाळेत शिकवत होते. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. नवरा रेडीच्या बंदरात बार्जवर, म्हणजे किनाऱ्यावरचं खनिज खोल पाण्यातल्या जहाजापर्यंत नेणाऱ्या त्या सपाट बोटीवर, इंजिनाचं काम बघायचा. मे महिन्याच्या अखेरीला ती बार्ज दुरुस्तीसाठी समुद्रमार्गे मुंबईच्या गोदीत न्यायची होती, आणि तिच्याबरोबर त्याला जावं लागलं. पोचल्यावर तार करतो म्हणाला. घरात राहिलो मी आणि माझ्या सासूबाई. सासरे फार पूर्वी दर्यात गेलेले. कसे, ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

नवरा निघाला आणि दुसऱ्याच दिवशी माझी दाढ ठणकायला लागली. एस.टी.ने बांद्याला गेले, बांगड्या करवंटीत टाकल्या, मंगळसूत्र पाठीवर घेतलं, चांदी घोटली. सगळं नेहमीसारखं. डॉक्टर म्हणाले, "थुका." मी बेसिनवर वाकले, आणि पाठीवरची पोत मानेवरून घसरून पुढे आली. बेसिनशेजारी पिळलेल्या पाऱ्याची वाटी होती. मंगळसूत्राची एक वाटी अलगद तिच्यात बुडाली.

भजन थांबलं.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "आपण कृपया जराही हलू नये."

मी बेसिनवर तशीच वाकून राहिले. त्यांनी कापसाने वाटी पुसली. पुसावी तशी ती जास्तच पांढरी होत गेली, आणि शेवटी नव्या रुपयासारखी चकाकायला लागली. दुसरी पिवळीधमक. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, सोनाराने आगीवर धरली की पारा उडून जाईल आणि सोनं होतं तसं होईल. आत्ता गळ्यातून काढून द्या, समोरच्याच पेढीवर जाऊन येतो.

मी शिकलेली. मुलांना अंधश्रद्धेवर निबंध घालणारी. पण नवरा समुद्रावर असताना मंगळसूत्र गळ्यातून काढायला माझा हात वर जाईना. "सासूबाईंना विचारते," एवढं बोलून मी जिना उतरले.

घरी पदर घट्ट लपेटून घेतला, पण सासूबाईंच्या डोळ्यांतून काय सुटणार? विहिरीवर वाकले तेव्हा वाटी बाहेर आली.

"ह्या काय गो?"

मी सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग विचारलं, "खंयची वाटी? तुझ्या म्हायेरची, काय आमची?"

सासरची वाटी थोडी मोठी होती. "तुमची," मी म्हणाले.

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "शिरा पडो त्या डाक्टराच्या तोंडार" एवढं जरी म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या नुसत्या विहिरीच्या कठड्यावर बसल्या. मग आत गेल्या, देवापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. संध्याकाळी वारा फिरला. खाडीतल्या होड्या लोक वर ओढायला लागले. मी माडांचे शेंडे बघत बसले आणि मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने डॉक्टर आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, हजर. बरोबर त्यांची बायको. दवाखान्याला कुलूप घालून आले होते. गवंडी डॉक्टरांच्या दाराला कुलूप बघून ते गेले असंच बांद्यात पुष्कळांना वाटलं, हे मागाहून कळलं.

डॉक्टरीणबाई अंगाने भरलेल्या, बोलायला कमी. त्या खुर्चीत टेकल्या. डॉक्टर उभेच राहिले आणि सासूबाईंना समजावून सांगायला लागले, की पारद हा द्रवरूप धातू असून त्याचा सुवर्णाशी संयोग होतो.

"डाक्टरांनू," सासूबाई म्हणाल्या, "आमच्या भाषेत सांगा."

"काकी," डॉक्टर म्हणाले, "सोना खंय गेलेला नाय. आत तसाच आसा. सोनार आगीर धरतलो, पारो उडान जातलो. घटकाभर गळ्यातला काढूक होया, बस."

"काढूचा नाय."

"घटकाभर, काकी."

सासूबाईंनी आवाज चढवला नाही. "माझ्या मंगळसूत्राचो दोरो झिजलेलो," त्या म्हणाल्या. "सकाळी काढलंय. सांजच्याक गाठवून घालूचा म्हणान. घोव दर्यात गेलेलो. सांज झाली, होडी येवक नाय. मगे घालूचा कारणच रवाक नाय. आता माका सांगा घटकाभर म्हणान."

मी त्या घरात जवळजवळ वर्षभर वावरत होते आणि हे मला माहीत नव्हतं. डॉक्टर एरवी वाद घालायला बहाद्दर. पण त्या दिवशी नुसते खाली मान घालून उभे राहिले.

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "बाटली हाडल्यात मां?"

पारा कसा चिकटतो ते स्वतःच्या अंगठीवर दाखवावं म्हणून डॉक्टरांनी खिशातून पाऱ्याची बाटली आणली होती. बाईंनी आपल्या मंगळसूत्राची एक वाटी चिमटीत धरून पुढे केली.

"ह्येका लावा."

"अगो—"

"लावा म्हणतंय मां."

डॉक्टरांनी लावला. बोटाला लागलेला पारा ते कितीतरी वेळ रुमालाला पुसत राहिले. बघता बघता बाईंची वाटीही माझ्या वाटीसारखीच पांढरी झाली. मग डॉक्टर सासूबाईंकडे वळले.

"काकी, हो पारो घोव खाता तर आता आधी माका खातलो. मी जवळ आसय, तुमचो झील लांब. माझो नंबर पयलो. तार येयसर मी हंयच बसतलंय. माका काय होना नाय तोवर तुमच्या झिलाक काय होवचा नाय."

सासूबाई दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गो सुने, चाय ठेव."

संध्याकाळच्या गाडीला डॉक्टरीणबाई परत निघाल्या. घरी म्हैस होती. जाताना सासूबाईंचा हात धरून म्हणाल्या, "माझो घोव सांभाळा हां. माका एकच आसा."

आणि सासूबाईंनी तो सांभाळला. तसा स्वतःचा मुलगासुद्धा सांभाळला नसेल. डॉक्टर माडाखाली बसले की "थंय बसा नको, नारळ पडात!" खाडीवर आंघोळीला निघाले की विहिरीचं पाणी तापवून पुढ्यात. बांगड्याचा काटा घशात अडकेल म्हणून स्वतः काटे काढून मासा वाढायच्या. पायरी उतरताना "सांभाळून", विहिरीजवळ गेले की "मागे होवा". डॉक्टर दुपारी पडवीत आडवे झाले की हळूच जाऊन त्यांच्या नाकापुढे बोटं धरायच्या. एकदा डॉक्टर जागे होते. डोळे न उघडता म्हणाले, "जितो आसय, काकी." सासूबाई लाजून स्वयंपाकघरात पळाल्या, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा मी हसले. हसू आल्यावर कळलं की छातीवर किती मोठा धोंडा होता.

डॉक्टर काही स्वस्थ बसणारे नव्हते. पिशवीतून हत्यारं आणलेलीच होती. खळ्यात खुर्ची टाकली आणि आजूबाजूच्या लोकांचे दात हातानेच कोरून भरायला लागले. मी चांदीच्या पुड्या आणि कापूस द्यायला उभी, मंगळसूत्र पाठीवर. सगळ्यांची दाढ झाली, आणि मग त्यांनी सासूबाईंना धरलं. त्या किती दिवस एकाच बाजूने चावतात हे त्यांनी पहिल्याच जेवणात हेरलं होतं.

"माका काय झाला नाय," सासूबाई म्हणाल्या. "आणि झालाच तर काढून टाका."

"काढूचा नाय."

"तुमचापण ह्याच?" सासूबाई म्हणाल्या, आणि का कोण जाणे, मुकाट्याने खुर्चीत बसल्या. खल मांडीवर घेऊन चांदी घोटली. चांगली घोटली, चटणी वाटायचा हात होता.

डॉक्टर दाढेत चांदी ठासत असतानाच पोस्टमन फाटकात उभा राहिला. हातात तार. आमच्याकडे तार म्हटली की लोक वाचायच्या आधीच रडायला लागायचे. सासूबाईंचं तोंड उघडं, दोन्ही गालांत कापूस, बोलता येईना. नुसते डोळे माझ्यावर रोखलेले. डॉक्टरांचा हात त्यांच्या तोंडात तसाच थांबला. मी पाकीट फोडलं. इंग्रजी अक्षरं डोळ्यांपुढे नाचायला लागली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लागली.

"पोचले," मी म्हणाले. "सुखरूप पोचले. मुंबईत आहेत, जमिनीवर!"

सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ओठ आवळून हुंदका द्यायचा तर तोंड मिटायला हवं, आणि डॉक्टर वर वाकून घाईघाईने सांगत होते, "काकी, आपण तोंड मिटू नये. आपण कृपया तोंड मिटू नये. चांदी ओली आहे." त्यांचेही डोळे भरलेले. तोंड उघडं टाकून रडणारी बाई आणि छापील मराठीत तिला आवरणारा डॉक्टर, असं ते दृश्य. मी तिथेच मातीत बसले आणि एकाच वेळी रडले आणि हसले. असा सुटल्याचा आनंद मला पुढे मुलं झाली तेव्हाही झाला नाही.

चांदी घट्ट झाल्यावर सासूबाईंना बोलायची परवानगी मिळाली. पहिलं वाक्य म्हणाल्या ते असं, "डाक्टरांनू, आता तुमी जावा घराक. बायल वाट बघता." आणि मग डॉक्टरांच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मला सोनाराकडे घेऊन गेल्या. मुलगा जमिनीवर होता, आता हरकत नव्हती. तरी मंगळसूत्र काढलं तेव्हा पोत त्यांनी आपल्या मुठीत धरून ठेवली आणि नुसती वाटी सोनाराला दिली. आगीवर धरल्यावर पारा उडाला, सोनं पिवळं झालं. कडेला थोडासा खडबडीतपणा राहिला, तो अजून बोटाला लागतो.

पुढे सासूबाई होत्या तोवर बांद्याहून येणाऱ्या कंडक्टरला नेमाने विचारायच्या, "गवंडी डाक्टर जितो आसा मां?" कोकम, सोलं, सुके बांगडे असं काहीबाही त्याच्याबरोबर धाडायच्या. ती दाढ त्यांना शेवटपर्यंत पुरली.

आमची बदली झाली, आम्ही रत्नागिरीला गेलो. बऱ्याच वर्षांनी बांद्याला गेले तेव्हा मुद्दाम त्यांच्या घरी डोकावले. डॉक्टर थकले होते, दवाखाना बंद केला होता, आतल्या खोलीत झोपले होते. तोंडातले बत्तीसही दात शाबूत आहेत, असं डॉक्टरीणबाईंनी अभिमानाने सांगितलं. त्या चहा घेऊन वाकल्या आणि माझी नजर त्यांच्या गळ्यावर गेली. मंगळसूत्राची एक वाटी पिवळी, दुसरी अजून तशीच, फक्त पांढऱ्याची आता करडी झालेली.

"अहो, ही उजळून नाही घेतलीत? सोनार तर तुमच्या दारात."

बाईंनी आतल्या दाराकडे बघितलं आणि पुढे सरकून आवाज खाली घेतला.

"तो आरोंद्यासून इलो त्याच दिवशी मी म्हटलंय, आता सोनाराकडे जावन येतंय. तर तो म्हणालो, आसा ता रवांदे. मगे दर वर्सा म्हणतंय. दर वर्सा ह्याच. आगीर धरूचा तर गळ्यातला काढूक लागता मां, बाई." त्या हसल्या आणि ती करडी वाटी त्यांनी पदराने पुसली. "भियाता तो. घटकाभरसुद्धा काढूक देणा नाय."